डास बांध ओळखत नाहीत
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'हिवताप' हा विषय पाहून सकाळीच दोघातिघांनी मला बाजूला घेतले. कापसाच्या भावाचे काय, पीकविम्याचे काय, आणि तुम्ही मध्येच हे डासाचे काय काढले, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

हिवतापाचा हंगाम आणि आपला हंगाम एकच आहे. पावसाचा जोर ओसरतो, ओढे-नाले वाहायचे थांबतात, जागोजागी डबकी उरतात, तेव्हा डास वाढतो. म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ. नेमक्या त्याच दिवसांत रब्बी ज्वारीची पेरणी असते. वाफसा कुणाच्या तापासाठी थांबत नाही. शेवगाव-पाथर्डीकडे कापूस फुटलेला असतो. घरातली वेचणारी बाई अंथरुणाला खिळली की कापूस झाडावर राहतो, त्यावर एक पाऊस पडला की त्याची कवडी होते, आणि मग व्यापारी काय भाव लावतो ते तुम्हाला मी सांगायला नको. एक माणूस आजारी पडला की दुसरा त्याच्यापाशी बसतो. दोन दिवस अंगावर काढायचे, तिसऱ्या दिवशी सलाईन लावायची, आणि त्याचे पैसे कृषी सेवा केंद्राच्या उधारीत जिरवायचे. आपल्या मालाचा उत्पादन खर्च काढताना कृषी मूल्य आयोग घरच्या माणसांची मजुरी धरतो. तापात बुडालेले दिवस कुठल्या रकान्यात धरतो? तो रकानाच नाही. तेव्हा हा विषय भावाच्या बाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

दुसरे म्हणणे असे, की हिवताप आता राहिलाय कुठे? अलीकडच्या वर्षांत राज्यातले बहुतेक रुग्ण गडचिरोलीत आणि मुंबईत सापडतात, हे खरे आहे. आपला जिल्हा त्या यादीत वर नाही. पण "गेला, गेला" म्हणून या रोगाने देशाला एकदा चांगलेच फसवले आहे, ती हकीकत ऐका.

देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख माणसे त्याने मरत होती, असा त्या वेळचा अंदाज होता. जुन्या मुंबई राज्यात डॉ. विश्वनाथन यांनी 1946 च्या सुमारास धारवाड आणि कारवारच्या बाजूला घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून दाखवले, आणि रोग खाली आला. 1953 साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. यश इतके दिसले, की 1958 साली त्याचे नाव बदलून 'निर्मूलन' केले. 1965 साली साऱ्या देशात एक लाखाच्या आसपास रुग्ण उरले. मग सगळे ढिले पडले. पैसे कमी झाले, माणसे कमी झाली, फवारणी वेळेवर होईना. 1976 साली रुग्णांचा आकडा 64 लाखांच्या पुढे गेला. अकरा वर्षांत एकाचे चौसष्ट! पुढच्याच वर्षी सरकारला योजना बदलावी लागली.

यामागे एक कारण असे आहे, की ते डॉक्टरांपेक्षा आपल्याला लवकर कळते. डासाला औषध लागू पडेनासे झाले. आपल्या वडिलांच्या पिढीने बीएचसीची भुकटी ज्वारीवर आणि कापसावर धुरळली. तेच बीएचसी हिवतापवाले गोठ्याच्या भिंतीला मारत होते. ज्वारीच्या कणसावर मिजमाशीसाठी मॅलाथिऑनची भुकटी आली, आणि भिंतीवरही मॅलाथिऑनच आले. 1973 साली शेजारच्या गुजरातेत मॅलाथिऑनला न जुमानणारा डास सापडला. पुढे आपल्या राज्यातही डीडीटी, बीएचसी आणि मॅलाथिऑन या तिन्हींना पुरून उरणारा डास आढळला. कापसावर आपण मारतो ती सिंथेटिक पायरेथ्रॉइड आणि औषधी मच्छरदाणीला लावतात ते औषध, ही एकाच कुळातली. चॅपिन आणि वासरस्ट्रॉम या दोघा संशोधकांनी 1981 साली भारत आणि मध्य अमेरिका यांच्याबद्दल हीच मांडणी केली होती: शेतातल्या फवारणीने डास कणखर होतो आणि हिवताप परततो. सगळा दोष शेतीवर टाकणे मला पटत नाही. सरकारची ढिलाई त्यात मोठी होती. पण फवाऱ्याचे पाणी ओढ्यात जाते, आणि ओढ्यात डासाची अळी असते, एवढे तरी आपण मान्य करू.

आता आपल्या कोरडवाहू मुलखाकडे येतो. पूर्वी हिवताप म्हणजे कालव्याखालच्यांचे दुखणे असा समज होता. प्रवरेचे कालवे ज्यांच्या शिवारात, त्यांनी त्याची काळजी करावी. आपल्याकडे प्यायला पाणी नाही, डासाला कुठून येणार? पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपण पाणी अडवायला शिकलो. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे आपल्याच जिल्ह्यातली. गावोगाव नाला बांध झाले, पाझर तलाव झाले, कोल्हापुरी बंधारे झाले. 2014 च्या अखेरीला जलयुक्त शिवार आले, 2016 साली मागेल त्याला शेततळे आले. हे सगळे चांगले झाले, मी स्वतः त्यासाठी फिरलो आहे. पण पाणी अडवले की ते राखावेही लागते. हे शेवटचे काम कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हते.

आणि दुष्काळ पडला तरी सुटका नाही. टँकर आठ दिवसांनी येणार म्हणून प्रत्येक दारात दोन-दोन टिपाडे भरून ठेवायची. पावसाळ्यात नाल्यात डास, उन्हाळ्यात टिपाडात डास.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण जनजागृतीच्या नावाने गावात जे फलक लागतात त्यात तिचा नेहमी घोटाळा होतो. 'गटार साफ करा, मलेरिया टाळा' असे लिहितात. गटारात वाढतो तो क्युलेक्स. तो झोप मोडतो, हत्तीरोग पसरवतो, पण हिवताप पसरवत नाही. हिवताप देणारा ॲनॉफिलिस. रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली सिकंदराबादला त्याच्याच पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. त्याला साधारण स्वच्छ, संथ पाणी लागते: विहीर, नाल्यातला डोह, बंधाऱ्याच्या कडेचे उथळ पाणी, जनावराच्या खुराच्या खड्ड्यात साचलेलेसुद्धा. तो रात्री चावतो. आपल्याकडच्या खेड्यांत त्याची जी मुख्य जात आहे तिला माणसापेक्षा गुराचे रक्त जास्त आवडते, आणि पोट भरल्यावर ती गोठ्याच्या, घराच्या अंधाऱ्या भिंतीवर बसते. टिपाडातला, रांजणातला, टायरमधला तो तिसरा, एडिस. अंगावर पांढरे पट्टे असतात, दिवसा चावतो. डेंगी आणि चिकुनगुन्या त्याचे. गटार साफ करू नका असे मी म्हणत नाही. पण गटार साफ करून विहीर विसरलात, तर हिवतापाच्या बाबतीत काही केले नाही असे समजा.

ओळखायचे कसे? बोंडअळी ओळखता तसेच. एका पांढऱ्या वाटीत किंवा पळीत पाणी घ्या आणि उजेडाला धरा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती ॲनॉफिलिसची. डोके खाली करून तिरकी लटकत असली तर क्युलेक्स किंवा एडिस. भिंतीवर बसलेला डास मागचा भाग वर उचलून बसला असेल तर तो हिवतापवाला. चौथीतली पोर हे दोन दिवसांत शिकते.

उबदार दिवसांत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. हा सगळ्या कामाचा पाया आहे. आठवड्यातून एकदा पाणी ओतून, घासून, भांडे कोरडे केले तर एकही डास पूर्ण होत नाही. 'कोरडा दिवस' म्हणतात तो हाच. मात्र तो गावाने एकाच दिवशी पाळायचा असतो. का, ते आपल्याला 2017 ने शिकवले आहे. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने राज्यभर बीटी कापूस खाल्ला. तेव्हापासून सगळे सांगतात, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका. गावातल्या नव्वद जणांनी ऐकले आणि दहांनी फरदड ठेवली, तर त्या दहांच्या रानातली अळी नव्वद जणांच्या बोंडात जाते. डासाचे गणित तेच. तो किलोमीटरभर सहज उडतो आणि त्याला सातबारा वाचता येत नाही. तुम्ही घरात अगरबत्ती लावाल, मच्छरदाणी लावाल, पण शेजाऱ्याच्या पडक्या विहिरीचे काय कराल?

गावाने मिळून हे काम होते का? होते, आणि त्याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली जामखेडला आले. जामखेड तेव्हा कसे होते ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. हजार बाळे जन्माला आली तर 176 वर्षाच्या आत जात. आरोळे दांपत्याने दवाखाना काढला, पण दवाखान्यात बसून राहिले नाहीत. गावाने आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, असे त्यांनी सांगितले. निवडलेल्या बायकांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. त्या नियमाने जामखेडला येऊन शिकायच्या, गावी जाऊन शिकवायच्या, पुन्हा अडचणी घेऊन यायच्या. पुरुषांची शेतकरी मंडळे झाली. माणसे एकत्र यावीत म्हणून आधी व्हॉलीबॉल खेळले, मग आरोग्याचे बोलले. 1972 च्या दुष्काळात पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसवले. पाणी हवे तर तिकडे चला! बरेच पुढारी इथेच थांबले असते.

याच मंडळांनी शोषखड्डे खोदले, झाडे लावली, सांडपाणी जिरवले. पंचवीस वर्षांत बालमृत्यूचा तो आकडा तिशीच्या खाली आला. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 साली गेल्या, डॉक्टर 2011 साली. आज गावोगाव आशा ताई दिसतात, ती योजना 2005 साली आली. ज्या अनुभवांवर ती उभी राहिली त्यात जामखेडचा अनुभव होता.

मला यात डॉक्टरांपेक्षा मोठे वाटते ते हे, की सांगणारी बाई गावातलीच होती. जीपमधून उतरून कर्ण्यावर ओरडून गेलेल्या माणसाचे कोण ऐकतो? शेजारीण रोज भेटते. तिच्या रांजणात आज अळी दिसली आणि पुढच्या आठवड्यात दिसली नाही, हे आपल्याला दिसते. ती चुकली तर तोंडावर सांगता येते. जनजागृती म्हणतात ती अशी होते.

शोषखड्ड्याचे म्हणाल तर नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने गेल्या दशकात घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारेच संपवली, आणि ते काम पुढे जिल्हाभर गेले. चार फूट लांब, चार फूट रुंद, तेवढाच किंवा थोडा जास्त खोल खड्डा, दगडगोटे, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी. आपल्या मुरमाड जमिनीत पाणी झटकन जिरते. काळ्या चोपण मातीत जिरत नाही, तिथे खड्डा मोठा घ्या आणि मुरमापर्यंत न्या, नाहीतर तोच डासाचा कारखाना होईल. खड्डा पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून लांब हवा.

विहिरीत, जनावरांच्या हौदात, वापराच्या टाकीत गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात आणि फुकट मिळतात. पण उन्हाळ्यात विहीर आटली की मासेही संपतात, मग पावसाळ्यात पुन्हा कुणाला आठवण होत नाही. म्हणून शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या एका हौदात बियाण्यासारखे मासे बारमाही राखायचे. नदीत आणि मोठ्या तलावात मात्र ते सोडू नका, तिथल्या आपल्या माशांना ते त्रास देतात. शेततळ्याच्या आणि बंधाऱ्याच्या काठचे गवत, शेवाळ काढत राहा, अळी तिथे लपते. जे डबके बुजवता येत नाही आणि ज्याचे पाणी जनावरही पीत नाही, त्यात जळके ऑइल टाका. पिण्याच्या पाण्याजवळ ते नेऊ नका. धुराच्या मशीनबद्दल सरपंचमंडळींना राग येईल, पण सांगतो: तो धूर त्या वेळी उडत असलेला डास मारतो. अळीला काही होत नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच. फोटो मात्र छान येतो.

आता तापाचे. थंडी वाजून ताप आला, घाम येऊन उतरला, एक दिवस बरे वाटले, पुन्हा आला, तर हिवतापाचा संशय घ्यायचा. दरवेळी तो अशा शिस्तीत येतोच असे नाही, म्हणून या दिवसांत कुठलाही ताप असला तरी गोळी घेण्याआधी बोटाचे रक्त तपासून घ्या. आशा ताईकडे, उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट आहे. पूर्वी घरोघर फिरून रक्त घेणारा आणि भिंतीवर तारीख टाकून जाणारा मलेरियावाला तुम्हाला आठवत असेल. त्याची वाट पाहू नका, आपण जा. हिवताप दोन प्रकारचा सापडतो. व्हायवॅक्समध्ये क्लोरोक्वीन तीन दिवस आणि प्रायमाक्वीन चौदा दिवस देतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि आपण उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून देतो. जंतू यकृतात दडून बसतात, दोन-चार महिन्यांनी पुन्हा उठतात, आणि तोवर तुमच्या रक्तावर गावातला डास पोसला जातो. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. गरोदर बाई, तान्हे बाळ यांना प्रायमाक्वीन देत नाहीत, काहींच्या रक्ताला ते सोसत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या आपण घ्यायच्या नाहीत. फाल्सिपेरम हा दुसरा प्रकार जिवावरचा. तो मेंदूवर जातो. माणूस बरळू लागला, झटके आले, लघवी काळसर झाली, तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. गाडी काढायची.

राहिले ऊसतोडीचे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. पाचटाच्या कोपीत, पाटाच्या कडेला, पाच-सहा महिने. तिथे भिंत नाही, मग फवारायचे कशावर? तिथे आशा ताई कुणाची? ज्या गावात कोपी पडते ते गाव म्हणते ही आमची माणसे नव्हेत, आणि आपले गाव म्हणते ती इथे नाहीत. हा माणूस कुठल्याच वहीत नाही. मी मुकादमांशी बोललो आहे, काही ऐकणारे आहेत. आपली मागणी साधी आहे: कारखान्याने प्रत्येक कोपीला औषधी मच्छरदाणी द्यावी, गाळप सुरू असताना अड्ड्यावर रक्ततपासणी व्हावी, आणि टोळी परतली की आठवड्याच्या आत आपल्या गावात प्रत्येक ताप आलेल्याची तपासणी व्हावी. पहिल्या दोन गोष्टी लढून घ्यायच्या आहेत. तिसरी आपल्या हातात आहे, ती याच उन्हाळ्यापासून करायची.

ग्रामपंचायतीकडे काय मागायचे? प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर असते, आणि तिला थोडा अबंधित निधीही येतो. तिची बैठक शेवटची कधी झाली ते ग्रामसभेत विचारा. तिच्यात आपली दोन माणसे आणि बचतगटाची एक बाई घुसवा. उपकेंद्रात पद रिकामे असेल तर ठराव करून त्याची प्रत इथे आणा, तालुक्याचे सगळे ठराव एकत्र घेऊन आपण जिल्हा परिषदेत जाऊ. एकट्या गावाचा कागद फायलीत जातो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक यादी आणायची आहे. गावात आणि शिवारात पाणी कुठे कुठे उभे राहते: वापरातल्या विहिरी, पडक्या विहिरी, नाला बांध, शेततळी, हौद, हातपंपाभोवतीचा चिखल. प्रत्येकाच्या पुढे तिथे अळी दिसली की नाही, दिसली तर आडवी की तिरकी, आणि ती जागा कोण बघणार त्याचे नाव. शाळेच्या वहीवर लिहिली तरी चालेल. कोरडा दिवस कोणता ठेवायचा ते गावाने ठरवावे, बाजाराचा दिवस तेवढा सोडून.